विजयदुर्ग : दमाचा खेळ

विजयदुर्गला जाणारा प्रवासी बहुधा किल्ल्यासाठीच जातो. मुंबई-गोवा महामार्गावर तरळे येथे वळायचे, वाघोटन खाडीच्या मुखाशी पोहोचायचे, तिहेरी तटबंदी पाहायची, १६५३ साली शिवाजी महाराजांनी हा दुर्ग जिंकल्याचे मुलांना सांगायचे आणि ऊन कलताच परत फिरायचे, असा बेत ठरलेला असतो. डोळ्यांना पुष्कळ मिळते, गाव मात्र भेटत नाही. ते भेटावे असे वाटत असेल तर एक मुक्काम वाढवावा. पावसाळ्यापूर्वीच्या दिवसांत पंचक्रोशीत कुठे कबड्डीचे सामने आहेत का, हे चहाच्या टपरीवर विचारावे आणि रात्री मैदानाच्या कडेला जाऊन बसावे.

आपली मुले कबड्डी ओळखतात ती पडद्यावरची. तिथे चढाईपटूचा दम समालोचनात बुडून जातो. इथे, मातीच्या मैदानालगत, तो स्पष्ट ऐकू येतो. मध्यरेषा ओलांडताना ठसठशीत असलेला ‘कबड्डी, कबड्डी’चा स्वर निदान रेषेपलीकडे जाताच बारीक होतो, आणि साखळी पायाशी आली की नुसती कुजबुज उरते. बोलणे म्हणजे श्वास सोडणे. म्हणजे हा खेळाडू धावतो, वळतो, झेपावतो, आणि तेही आत न घेतलेल्या श्वासाच्या बळावर. चढाईची मर्यादा तीस सेकंदांची. नंतर थोडी उसंत, पुन्हा स्फोट. हृदयाला असा चढ-उतारांचा व्यायाम देणारे खेळ थोडेच आहेत, आणि याला साहित्य म्हणाल तर काहीच लागत नाही.

पाहायचे कसे, हेही गावच शिकवते. माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांनी पुढ्यातल्या पाहुण्या मुलाला हलकेच सांगितले, “झिला, तेचे हात बघू नको. पाय बघ.” त्यानंतर त्या मुलाने पापणी लववली नाही. खरोखरच, हात हुलकावणी देतात. परतायचे कधी, हे पाय आधी ठरवतात.

मे महिन्यात संघ पूर्ण भरतात, कारण मुंबईचे चाकरमानी आलेले असतात. एरवी सात गडी जमवतानाही दमछाक होते, असे आजोबा म्हणाले. त्यांच्या पलीकडे गुडघ्याला पट्टा बांधलेला एक तरुण बसला होता. गेल्या हंगामात पाय पिळवटला, तेलाने चोळून घेतला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरला; आता जिना उतरतानाही गुडघा दगा देतो. कबड्डीत गुडघ्याच्या आतला अस्थिबंध तुटण्याची दुखापत वारंवार आढळते. पिळवटल्यावर काही तासांतच गुडघा सुजला किंवा उभे राहताना निसटल्यासारखा वाटला, तर चोळू नये. बर्फ लावावा, भार देऊ नये आणि अस्थितज्ज्ञांना दाखवावे. घरात खेळणारे मूल असेल त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. त्या तरुणाची नजर मात्र मैदानावरून हलत नव्हती. प्रत्येक चढाईला त्याचा चांगला पाय जागच्या जागी सरकत होता.

किनाऱ्यावरची हवा दमट. नुसते बसूनही घाम निथळतो. मीठ-जिरे घातलेले कोकम सरबत अशा वेळी बाटलीबंद गोड पेयांपेक्षा कितीतरी बरे. बसण्यासाठी सतरंजी न्यावी, पण रेषेपासून दूर अंथरावी, कारण पकडीत सापडलेले गडी प्रेक्षकांत येऊन कोसळतात. अंतिम सामना मध्यरात्रही ओलांडतो, तेव्हा मुलांना दुपारी झोपवून न्यावे.