रकाना आणि पसंतीक्रम

अभियांत्रिकीच्या प्रवेशाची हकिकत साहित्याच्या वाचकांपुढे मांडण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारल्यास आमच्यापाशी तयार उत्तर नाही. आम्ही मराठी शिकवतो. यंत्रांशी आमचा संबंध घरातल्या शिलाई यंत्रापलीकडे कधी गेला नाही. परंतु २०२४ च्या पावसाळ्यात कन्येच्या प्रवेशअर्जातील एका रकान्यापाशी आम्ही अडखळलो, ते एका शब्दापाशीच अडखळलो होतो. आणि शब्दापाशी अडखळणे हा तर आमचा व्यवसायच आहे.

जूनमध्ये सामाईक परीक्षेचा निकाल लागला. आमच्या काळी गुण मिळत, आता शतमान मिळते, आणि तेही दशांश चिन्हानंतर सात आकड्यांपर्यंत. कन्येचे शतमान त्र्याण्णवच्या पुढे होते. वाईट नव्हे, पण मनात येईल ते महाविद्यालय मिळावे इतके चांगलेही नव्हे. अर्ज भरताना धर्म विचारला गेला, तो तिने लिहिला. त्यापुढे प्रश्न होता : धार्मिक अल्पसंख्याक म्हणून दावा करावयाचा आहे काय? होय अथवा नाही. कन्येने मान वर करून आमच्याकडे पाहिले, आणि आम्ही, जे वर्गात तासन्‌तास बोलतो, ते काहीच बोललो नाही.

हा रकाना कशासाठी असतो, हे प्रथम सांगितले पाहिजे. राज्यघटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा अधिकार दिला. अल्पसंख्याक कोण, हे राज्यागणिक ठरवावे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने २००२ साली टी. एम. ए. पै खटल्यात सांगितले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती सुमारे १०.८ लाख भरले. म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. राज्यातील विनाअनुदानित अल्पसंख्याक अभियांत्रिकी महाविद्यालयांत ५१ टक्के जागा त्या त्या समाजाच्या मुलांसाठी असतात. समाज लहान, जागा पुष्कळ; त्यामुळे 'होय' म्हणणाऱ्या ख्रिस्ती विद्यार्थ्याला त्या महाविद्यालयांत कमी गुणांवर संगणकशाखा मिळू शकते. शेजारच्या एका सद्‌गृहस्थांनी आमचे अभिनंदनही केले : "तुमचं बरं आहे, सर." बरे असण्याची आम्हांला सवय नव्हती, म्हणून आम्ही नुसते हसलो.

आम्ही नगर जिल्ह्यातले. (२०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, आमच्या तोंडी अजून नगरच येते.) अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आले, आणि पुढच्या काही दशकांत गावोगावच्या वस्त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आमचे पणजे त्यांतलेच. गावाने मात्र आम्हांला कधी मनापासून ख्रिस्ती म्हटले नाही. वस्ती तीच राहिली, पाणवठा तोच राहिला. वस्तीच्या नावातले एक पद तेवढे बदलले.

आमचे वडील १९६३ साली अकरावी उत्तीर्ण झाले आणि प्राथमिक शिक्षकाच्या प्रशिक्षणासाठी अर्ज करू लागले. तेव्हा गावातल्या एका हितचिंतकाने त्यांना व त्यांच्या धाकट्या भावाला एक सल्ला दिला. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने ही सवलत प्रथम हिंदूंपुरती ठेवली होती. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. सल्ला असा की, देवळात काय म्हणता ते देवाला ठाऊक, कागदावर 'हिंदू महार' लिहा. धाकट्या चुलत्यांनी तसे लिहिले. आमच्या वडिलांनी 'ख्रिस्ती' लिहिले. शिष्यवृत्ती गेली, वसतिगृह गेले, आणि प्रशिक्षणाला दोन वर्षे उशीर झाला. त्या दोन वर्षांत ते एका दुकानात पोती उचलत होते.

चुलत्यांना दोष देण्याचा विचार आमच्या मनात कधी आला नाही. जातीने त्यांना सोडले नव्हते, तर जातीच्या नावाने मिळणारी भरपाई त्यांनी का सोडावी? न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली तो परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ साली न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नासाठी आणखी एक आयोग नेमला गेला. म्हणजे १९६३ साली एका अठरा वर्षांच्या पोराने ज्या प्रश्नाचे उत्तर पाच मिनिटांत दिले, त्याच्याशी राज्यसंस्था साठ वर्षांनंतरही झगडत होती. 'स्मृतिचित्रे' शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, की नारायण वामन टिळकांच्या १८९५ च्या बाप्तिस्म्याने त्यांचे घर काही वर्षे दुभंगले व पुन्हा सांधले. आमचे घर कधी दुभंगले नाही. दोन्ही भावांची कुटुंबे दर रविवारी एकाच बाकावर बसली. दुभंग होता तो शाळा सोडल्याच्या दाखल्यांत.

आता वाचकांच्या ध्यानात येईल, की 'होय' या शब्दावर आमचे बोट का थांबले. ज्या शब्दासाठी वडिलांनी दोन वर्षे पोती वाहिली, तो शब्द अचानक लाभाचा झाला होता. तो नाकारणे म्हणजे वडिलांना नाकारणे. आणि केवळ जागेसाठी तो पुढे करणे, हेही आम्हांला त्यांना नाकारण्यासारखेच वाटत होते.

तरी व्यवहार चुकत नाही. आम्ही यादी करू लागलो. वांद्र्याचे फादर कॉन्सेसाओ रॉड्रिग्ज महाविद्यालय १९८४ चे, बोरिवलीचे सेंट फ्रान्सिस १९९९ चे, कुर्ल्याचे डॉन बॉस्को २००१ चे, माहीमचे झेवियर २००५ चे. यादी करताना एक गोष्ट जाणवली : ही सारी कॅथलिक संस्थांची कामे होती. आमच्या मिशनने शाळा काढल्या, दवाखाने काढले, अध्यापिका व परिचारिका घडविल्या. नगरला औद्योगिक शाळा चालवून सुतारकाम आणि धातुकामही शिकविले. १९४७ साली डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर महाविद्यालय उभारले. पण अभियंते घडविणे हे येथे प्रथम सरकारचे काम होते. रुडकीचे महाविद्यालय १८४७ चे, पुण्याचा अभियांत्रिकी वर्ग १८५४ चा. सरकारला रस्ते, पूल आणि कालवे बांधण्यासाठी माणसे हवी होती, मिशनला वस्तीत राहून शिकविणारी माणसे हवी होती. आमच्या घरातून चार पिढ्या शिक्षक निघाले त्याचे कारण कदाचित एवढेच असेल.

एका महानगरातील ख्रिस्ती संस्थेचे महाविद्यालय आम्ही पाहून आलो. इमारत देखणी, प्रयोगशाळा नीटनेटकी, प्रवेशद्वाराशी मरियेचा पुतळा, त्यापुढे ताजी फुले. कन्या जिथे वाढली त्या आमच्या उपासनामंदिरात भिंतीवर एक साधा लाकडी क्रूस आहे, आणि पेटीवर टिळकांची गीते म्हटली जातात. कार्यालयातल्या बाईंनी सौजन्याने विचारले, "कॅथलिक?" आम्ही म्हणालो, "नाही, अमेरिकन मराठी मिशन." त्यांना उमगले नाही. आडनाव वाचून त्यांनी पुन्हा दाखला पाहिला, आणि अगदी निर्मळपणे म्हणाल्या, "आडनावावरून वाटलं नाही हो." यात त्यांचा काही दोष नव्हता. महाविद्यालयाबाहेरचे जग आम्हांला विचारते, ख्रिस्ती असून तुमचे मराठी इतके चांगले कसे. आणि ख्रिस्ती जगात आम्ही आडनावाने मराठी ठरतो. थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. या चार शतकांनंतरही परिचय पहिल्यापासून करून द्यावा लागतो.

परतीच्या एस.टी.त कन्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "बाबा, कॉलेज चांगलं आहे. पण तुम्ही सगळे संगणक, संगणक करताय, आणि मला पूल बांधायचेत." हे ती पहिल्यांदा म्हणत नव्हती. आम्हीच पहिल्यांदा ऐकत होतो. अल्पसंख्याक जागेमुळे संगणकशाखा आवाक्यात आली, म्हणून तिला संगणकशाखाच हवी आहे, असे आम्ही परस्पर ठरवून टाकले होते.

मराठवाड्यातील एका शासकीय महाविद्यालयात खुल्या प्रवर्गातून स्थापत्यशाखा मिळण्याची शक्यता होती. तेथे अल्पसंख्याक कोटा नव्हता आणि शुल्क खासगी महाविद्यालयाच्या एका अंशाइतके होते. मुंबई सोडून तिकडे कोण जाते, असे नातलग म्हणाले. स्थापत्यात नोकऱ्या कुठे आहेत, असे सहकारी म्हणाले. हातची मिशनची जागा का सोडता, असे पाळकसाहेबही हळूच म्हणाले. त्या शेवटच्या म्हणण्यात तथ्य होते. समाजाने उभ्या केलेल्या संस्थेत समाजाची मुले गेली नाहीत, तर त्या ५१ टक्क्यांना अर्थ काय उरतो? याचे उत्तर आमच्यापाशी आजही नाही.

अखेर रात्री वडिलांना विचारले. ते एकोणऐंशी वर्षांचे, ऐकू कमी येते, म्हणून प्रश्न दोनदा विचारावा लागला. दुसऱ्यांदा विचारताना तो आम्हांला स्वतःलाच थोडा हास्यास्पद वाटला : ख्रिस्ती असल्याचा फायदा घ्यावा की घेऊ नये? वडील म्हणाले, "फायद्याचं मला काय विचारतो? मी तोट्याचंही कुणाला विचारलं नव्हतं. खरं काय ते लिहावं. पुढचं पोरीनं बघावं."

कन्येने 'होय' लिहिले. दुसऱ्या टप्प्यात पसंतीक्रम भरावयाचा होता. तेथे तिने पहिल्या क्रमांकावर शासकीय महाविद्यालयाची स्थापत्यशाखा टाकली. त्याखाली आणखी दोन शासकीय. आणि मग ख्रिस्ती महाविद्यालये, तीही स्थापत्य वा यंत्र शाखेसाठी. आम्ही काही म्हणणार तोच ती म्हणाली, "रकान्यात मी कोण ते विचारलंय, म्हणून ते लिहिलं. इथं मला काय हवं ते विचारलंय." आयुष्यभर आम्ही ज्या दोन प्रश्नांची गल्लत केली, ते तिने असे वेगळे करून ठेवले.

पहिल्याच फेरीत पहिली पसंती मिळाली, आणि नियमाप्रमाणे पहिली पसंती मिळाली की ती स्वीकारावीच लागे. पुनर्विचाराची सोय संपली. प्रवेश घेताना कारकुनाने दाखला पाहून विचारले, "धर्म लिहिलाय, जात रिकामी आहे?" कन्या म्हणाली, "रिकामीच आहे." त्याने मान डोलावली आणि शिक्का मारला. वडील सोबत आले होते. त्यांना तो संवाद ऐकू आला की नाही, हे आम्ही विचारले नाही.

निर्णय बरोबर ठरला की चूक, हे सांगण्याइतका काळ गेलेला नाही. वसतिगृहाचे जेवण तिला आवडत नाही. सर्वेक्षणाच्या तासाला उन्हात उभे राहणे आवडते. आम्ही अजून कधी कधी मनात संगणकशाखेचा पगार मोजतो, आणि मग स्वतःवरच चिडतो.

एक गोष्ट मात्र लिहावी की लिहू नये, याचा विचार करीत हा लेख आम्ही बरेच दिवस बाजूला ठेवला होता. धाकट्या चुलत्यांचा नातूही त्याच वर्षी त्याच महाविद्यालयात आला, अर्थात दुसऱ्या रकान्यातून. लहानपणी नाताळच्या नाटकात तो मेंढपाळ असे आणि आमची कन्या देवदूत. महाविद्यालयाच्या आवारात तो तिला ओळख देत नाही. तसे त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितले, खाली पाहून सांगितले, आणि तिने मान्य केले. रविवारी सकाळी मात्र तो दोन चौक पुढे, एका औषधाच्या दुकानापाशी गाडी घेऊन उभा असतो. ती चालत तिथवर जाते. मग दोघे मिळून मराठी उपासनेला जातात आणि एकाच बाकावर बसतात.

परवा दूरध्वनीवर आम्ही तिला विचारले, याचा तुला राग येत नाही? ती म्हणाली, "त्याला जास्त चालायला लागतं, बाबा. मला दोनच चौक." गावाचे नाव आम्ही या लेखात लिहिले नाही, ते त्यासाठी.