हुडाखालचा पाऊस

ओल्या कॅनव्हासचा वास मला आजही कुठल्याही गर्दीत ओळखू येतो. त्यात थोडं मेण असतं, थोडं डिझेल, उन्हाळाभर माळ्यावर भाताच्या कणगीशेजारी पडून अंगात मुरलेला चुलीचा धूर, आणि या सगळ्याच्या तळाशी जाड सुती दोऱ्याचा आपला स्वतःचा कोमट, किंचित आंबूस गंध. कोरडं असताना ते कापड गप्प असतं. मृगाची पहिली सर पोलादपूरच्या नाक्यावर आली की ते बोलू लागतं, आणि मग जीपमध्ये कोंबून बसलेल्या माणसांच्या, ओल्या घोंगड्यांच्या, कुणाच्या तरी टोपलीतल्या सुकटीच्या वासांवर तो एकच वास हळूहळू पसरत जातो. आजही कुठे ताडपत्री भिजलेली असली, तर मी नकळत खोल श्वास घेतो.

मामाची जीप होती. महाडच्या एसटी स्टँडबाहेरून माणसं भरायची, पोलादपूरला सोडायची, आणि तिथून ज्याला जिकडे जायचं असेल तिकडे न्यायची. उमरठला, देवळ्याला, कधी आंबेनळी चढून कुंभरोशीपर्यंत. दिवाळीनंतर हूड उतरायचा तो थेट जूनपर्यंत. त्या मधल्या महिन्यांतली उघडी जीप म्हणजे लाल धूळ, उलट्या दिशेने धावणारी झाडं, शिमग्याला पालखीमागून नाचत घरी निघालेली माणसं, आणि रात्री डोक्यावर अख्खं चांदणं. ते सुख सगळ्यांनाच कळतं. उघड्या गाडीबद्दल जगात जे काही लिहिलं गेलं आहे ते बहुतेक याच सुखाबद्दल आहे. मला मात्र आठवतो तो हूड लागलेला असतानाचा काळ. बंद होण्याचा. बाहेर धो धो चाललंय आणि आपण सुताच्या एका पदराआड बसलोय, त्याचा.

पाऊस सुरू असताना हुडाला आतून बोट लावायचं नाही, हा मामाचा नियम. त्याने कारण कधी सांगितलं नाही. कारण फार पुढे कळलं, की भिजलेला सुती धागा फुगतो, आपल्यातल्या बारीक फटी आपणच बुजवतो, आणि थेंब बाहेरच्या अंगाला अडून राहतो; पण आतून बोट टेकलं की पाण्याला वाट सापडते आणि मग त्या एकाच जागी ते झिरपत राहतं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की छत जिवंत आहे आणि त्याला डिवचायचं नाही. चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर तो ओला, हिरवट, ताणलेला पडदा, त्याच्यावर पावसाचा अखंड ताशा, आणि आपले हात मांडीखाली दाबून ठेवलेले. केवढा मोह असायचा! एकदा बोट टेकवावं, एकच थेंब आत घ्यावा. शेजारच्या म्हाताऱ्या आजीबाईसुद्धा डोक्यावरचा पदर सावरताना कोपर आत घ्यायच्या. अनोळखी माणसं एका नियमाने इतकी जवळ बसलेली मी नंतर क्वचितच पाहिली.

महाडकडून येताना रस्त्याला सावित्रीची सोबत असते. तीही त्याच पावसात वरून, महाबळेश्वराहून, आलेली. हुडाच्या बाजूच्या पडद्याला पिवळी पडलेली प्लॅस्टिकची खिडकी होती. तिच्यातून नदी दिसायची नाही, नदीचा रंग तेवढा दिसायचा. भाताची खाचरं एक ओला हिरवा डाग होऊन मागे जायची. मला वाटतं, स्वच्छ काचेतून पाहिलेलं त्या वाटेवरचं काहीच माझ्या इतकं आत गेलेलं नाही.

पण सगळ्यात आत जाऊन बसलाय तो टिचबटणांचा आवाज.

गणपतीच्या दिवसांत आभाळ फसवं असतं. सकाळी लख्ख ऊन, म्हणून मामा बाजूचे पडदे गुंडाळून वर बांधायचा, आणि घाटाच्या पहिल्या वळणाला डोंगरावरून पांढरी भिंत सरकत यायची. मग गाडी कडेला. मामा उडी मारून खाली. पुढची कड काचेच्या चौकटीवर घट्ट ओढायची, कमानींवरून आलेले पट्टे बकलांत अडकवायचे, आणि शेवटी दोन्ही बाजूंचे पडदे सोडून एकेक बटण लावत मागपर्यंत जायचं. ओलं कापड आखडतं. उन्हात सहज पोचणारं बटण पावसात दोन बोटं अलीकडेच राहतं. आणि पडद्याचं बटण हुडाच्या कापडात बसवायचं तर नुसतं बाहेरून दाबून ते बसत नाही, कापड आत दबतं. आतून कुणीतरी अंगठ्याचा आधार द्यावा लागतो. ते काम माझं होतं. पावसात हुडाला हात लावायची परवानगी असलेला त्या जीपमधला मी एकटाच, तीही फक्त बटणापुरती. केवढा मान!

पलीकडे मामा दिसायचा नाही. दिसायचे ते कापडातून उमटलेले त्याच्या बोटांचे उंचवटे. ते हुडाच्या काठाकाठाने चाचपडत यायचे, थांबायचे, मी माझा अंगठा बरोबर त्या जागी टेकवायचो, एक दाब त्याचा, एक माझा, टच्च. पुढचं बटण. टच्च. त्याच्या बोटांचा गारवा ओल्या सुतातून माझ्या अंगठ्याला कळायचा. बोलणं काही नसायचं, पावसात ऐकूही आलं नसतं. ड्रायव्हरच्या बाजूने सुरू झालेला तो आवाज मागे जाऊन, वळसा घालून, दुसऱ्या बाजूने पुढे येईपर्यंत जीपमधला उजेड एकेका बटणागणिक कमी होत जायचा, आणि शेवटचं बटण लागलं की आतला तो हिरवा काळोख पुरा व्हायचा. मग निथळत्या अंगाने मामा आत चढायचा आणि त्याच्याबरोबर पावसाचा एक गार लोट. गाडी सुरू. कुणीतरी तंबाखूची डबी पुढे करायचं.

ही जीप मुळात लढाईची. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला दोन वाकवलेल्या नळ्या आणि वर खाकी कॅनव्हास, एवढंच छप्पर होतं. नको तेव्हा मागे पाडून ठेवायचं. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत त्या जीपांची जुळणी सुरू केली आणि पुढे ती गाडी सरकारी साहेबांच्या बुडाखालून निघून आमच्यासारख्यांच्या वाटेला आली. सैनिकांसाठी शिवलेल्या त्या छपराखाली कोंबड्या, दिवाळीचा बाजार, माहेरवाशिणी आणि मुंबईहून आलेले चाकरमानी बसू लागले. हूड शिवणारे कुशनवाले गावोगाव तयार झाले. त्यांच्या दुकानासमोर कॅनव्हास अंथरलेला असायचा आणि जाड सुईच्या मशीनचा आवाज लांबून यायचा. मला ती दुकानं फार आवडायची. अजूनही आवडतात, आता तिथे बहुतेक रेक्झिनच दिसतं तरी.

गेल्या काही वर्षांत आंबेनळीत पुन्हा उघड्या गाड्या दिसू लागल्या आहेत, पण त्या हौसेच्या. नाशिकला तयार होणारी नवी थार २ ऑक्टोबर २०२० ला बाजारात आली, तिच्यात एक प्रकार मागे दुमडता येणाऱ्या कापडी छपराचा होता, आणि ते दुमडायचं हातानेच. कुणाला ही काटकसर वाटेल. स्पोर्ट्स कारच्या दुनियेत मात्र हाताने मिटायच्या हुडाला जुनी प्रतिष्ठा आहे. १९८९ साली आलेली माझ्दाची छोटी दोन आसनी एमएक्स-५ त्या बाबतीत नावाजलेली. काचेच्या चौकटीवरच्या दोन कड्या सोडायच्या, आणि बसल्या जागेवरून हात मागे नेत अख्खं छप्पर मागे टाकायचं. मोटर नाही म्हणून वजन कमी, वजन कमी म्हणून गाडी चपळ, असं तिच्या चाहत्यांचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. दुसऱ्या बाजूला बटणवाल्यांची परंपराही काही कालची नाही. अमेरिकेत १९३९ च्या प्लिमथ गाडीत हूड निर्वात दाबाच्या जोरावर आपोआप उघडत-मिटत होता. पुढे तेलाच्या दाबावर चालणारे पंप आले, मग विजेच्या मोटरी. माणसाला पावसात उतरायचं नव्हतं. त्यात त्याचं काय चुकलं?

असा एक बटणाचा हूड मी आमच्याच घाटात अनुभवला. भाच्याच्या मित्राची बीएमडब्ल्यू झेड४. पुण्याहून महाबळेश्वर करून ही मुलं खाली पोलादपूरला आली होती, आणि मामाला भेटून परत वर जाताना मला बरोबर घेतलं. दोनच आसनं, भाचा दुसऱ्या गाडीत गेला. ऑक्टोबरची दुपार, हस्ताचे ढग. घाट चढताना डोक्यावर आभाळ, अंगावर रानाचा ओला गारवा, कुठे कुठे सोनकीचा पिवळा भर. मी सुखात होतो. मग ती पांढरी भिंत आली. माझे हात आपोआप सीटच्या कडेकडे गेले, उतरायच्या तयारीने. मुलाने गाडी थांबवलीसुद्धा नाही. पन्नासच्या आत वेग असला की चालतं, म्हणाला, आणि एक बटण ओढून धरलं. मागचं झाकण उठलं, आतून काळं छप्पर वर आलं, आणि बगळ्याने पंख मिटावेत तसं आमच्यावर येऊन बसलं. दहा सेकंद. पहिला थेंब काचेवर पडला तेव्हा आम्ही कोरडे ठणठणीत बंद होतो.

सुंदर होतं ते. इतक्या सांध्यांनी, कळांनी एकमेकांची वाट पाहत, कुणी कुणाच्या आड न येता हलावं, हे बघत राहावं असंच. त्या छपराला तीन पदर. मध्ये रबर, आतून मऊ अस्तर. मी ते अस्तर बोटाने दाबलं. काहीच झालं नाही. थेंब आला नाही, वास नाही, ताशा नाही. पाऊस बाहेर कुठेतरी लांब पडत होता. माझे हात मांडीवर पडून होते आणि त्यांना काय करावं ते सुचत नव्हतं. मुलगा गाणं बदलत होता. चांगला मुलगा. त्याला माझी गरज नव्हती, त्याच्या शेजारच्या आसनावर त्या क्षणी कुणी नसतं तरी चाललं असतं, आणि मला जाणवलं ते एवढंच. हाताचा की बटणाचा, या वादात लोक वजन मोजतात, किंमत मोजतात, सेकंद मोजतात. माझं सगळं अडतं ते पडद्यापलीकडच्या अंगठ्यावर.

परतताना एसटीने उतरलो. वाटेत एका वळणावर थार थांबलेली. मुलगा एका बाजूला, मुलगी दुसऱ्या बाजूला, दोघं भिजून चिंब, मधे अर्धवट वर आलेलं छप्पर. तो ओढतोय तर तिची बाजू सुटतेय, ती ओढतेय तर त्याची. दोघं एकमेकांवर ओरडत होती आणि हसत होती. एसटी वळली, ती दिसेनाशी झाली.

रात्री मामाला हे सगळं सांगितलं. तो आता थकलाय. ओटीवर बसतो, रस्त्यावरच्या गाड्या आवाजावरून ओळखतो. त्याचा तो हूड मात्र जीपपेक्षा जास्त जगला. पत्र्याच्या टपाची जीप बाजारात आली तशी मामाने जुनी विकली, हूड तेवढा काढून ठेवला. मग तो पेंढ्याच्या उडवीवर गेला, त्याचे तुकडे झाले, आणि जुलै २०२१ च्या पुरानंतर महाडच्या घरातलं सामान वाळत घातलं तेव्हा त्यातलाच एक तुकडा धान्यावर ओढलेला मी पाहिला. बटणं गंजून गेली होती. मी वास घेऊन बघितला. चिखलाचा होता.

मामाने झेड४ ची हकिकत मन लावून ऐकली. दहा सेकंद म्हटल्यावर त्याने मान डोलावली, कौतुकाने. मग मी बटणांचं बोललो, त्याच्या बोटांचं, माझ्या अंगठ्याचं, त्या हिरव्या काळोखाचं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

“तू आत असायचास रे,” तो म्हणाला. “मी बाहेर. पाणी मानेतून थेट कमरेत उतरायचं. घाटात उभा राहून मी त्या हुडाला काय काय शिव्या दिल्यात, आत ऐकू येत नव्हतं म्हणून बरं. टपाची गाडी आली त्या दिवशी तुझ्या मामीने देवासमोर नारळ फोडला.”

मी हसलो. तोही हसला, खोकला, आणि मग जुना जीपवाला जागा झाल्यागत पुढे झुकून त्याने विचारलं, “पण ते बटण अर्ध्यात अडकलं, भर आषाढात, तर महाडात कोण बघणार ते? विचारलंस का त्या पोराला?”