हलकेपणाचे ओझे

विजयदुर्गच्या किल्ल्याला वळसा घालून वाघोटणची खाडी आत शिरते. तिच्याच काठी, गिर्ये येथे, मराठ्यांच्या आरमाराची गोदी होती. परवा त्या बाजूस गेलो असता आमची दृष्टी मात्र किनाऱ्यावर उपड्या पडलेल्या एका फुटक्या फायबरच्या होडीवर खिळली. तिचा आणि आमचा जुना संबंध होता.

पंधरा वर्षांपूर्वी आमच्या एका मच्छीमार स्नेह्याने ती कर्ज काढून घेतली, तेव्हा शिफारसपत्र आम्हीच लिहिले होते. लाकडी होडीच्या सांध्यांत वरचेवर कापूस ठासावा, राळ आणि माशाचे तेल चोपडावे, तरी लाकूड पाणी पिऊन जड होई. उलट काचेच्या तंतूंचे थर साच्यात पसरून ते पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजविले की जे पातळ कवच तयार होते, त्याची देखभाल फारशी नसते. होडी जितकी हलकी, तितके ती कमी पाणी बाजूला सारते आणि तितके डिझेल कमी जळते, हे आम्ही त्यास मोठ्या उत्साहाने समजावले होते.

हिशेब खोटा नव्हता. मोटारीचे वजन १० टक्के घटले तर इंधन ६ ते ८ टक्के वाचते. २०११ साली प्रवासी सेवेत आलेल्या बोइंग ७८७ विमानाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग संमिश्र द्रव्यांचा, मुख्यत्वे कार्बन तंतूंचा आहे. आपल्या ‘तेजस’च्या सांगाड्यात हे प्रमाण सुमारे ४५ टक्के आहे. शेजारच्या गोव्यात, पिळर्णच्या ‘कायनेको’ कारखान्यात, रेल्वे आणि विमानांसाठी असेच भाग घडविले जातात.

पण २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने आमच्या स्नेह्याची होडी खडकावर आपटली. तेव्हापासून ती तेथेच आहे. आम्हांस पाहून तो म्हणाला, “फादर, हिका पुरूक येत नाय, जाळूक येत नाय, करूचा काय?”

आम्ही निरुत्तर झालो. लाकडी होडी मोडली की तिच्या फळ्या कोणाच्या गोठ्याला लागत, उरलेले चुलीत जाई. हे रेझिन एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. जाळले तर विषारी धूर, कापले तर काचेची बारीक धूळ छातीत. सिमेंटच्या भट्टीत त्यातील रेझिन इंधन म्हणून आणि काच कच्चा माल म्हणून वापरता येते खरी. पण खाडीकाठचे हे एक सांगाडे तेथवर न्यावे कोणी आणि कोणाच्या खर्चाने? आम्ही डिझेलचा हिशेब मांडला, शेवटचा रकाना मात्र कोराच ठेवला.

स्नेह्याला आता नवी होडी हवी आहे, तीही फायबरचीच. डिझेलचे भाव पाहता त्याला दुसरे परवडणार नाही. शिफारसपत्र आम्ही पुन्हा लिहून दिले. या वेळी त्याच्याबरोबर विक्रेत्याकडेही जाणार आहोत. होडी किती तेल खाते हे तो सांगेलच. ती मोडल्यावर परत कोण नेणार, हे आम्ही विचारणार आहोत. हा प्रश्न पंधरा वर्षांपूर्वीच विचारावयास हवा होता.