शिवनेरीचा अंबरखाना

जुन्नरच्या शिवनेरीवर सहल नेली, की मुलं थेट शिवजन्मस्थानाकडे धावतात. मी मात्र त्यांना अंबरखानाही दाखवतो. इथं गडाचं धान्य साठवत. वेढा पडला, की तलवारीइतकाच दाण्यांचा आधार!

गेल्या सहलीत आंबेगावच्या डोंगराकडची एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, आमच्याकडे कणगी आहे. पण भात पिकतो पावसावर, वर्षातून एकदाच. श्रावणात कणगीचा तळ दिसतो."

सगळे गप्प! शत्रूशिवायही वेढा पडतो, तो असा. म्हणूनच २०१३ साली देशात अन्नसुरक्षा कायदा झाला. गरजू घरांना रेशनचं स्वस्त धान्य हक्काचं झालं.

मग आम्ही डबे उघडले. त्या दिवशी कुणाच्याच डब्यात शीत उरलं नाही.