कसर लागलेली कोयरी

लोकरीला कसर लागते ती मळाच्या वाटेने. मानेपाशी घाम मुरलेला असतो, टोकावर कुणाच्या तरी लग्नातला रस्सा सांडलेला असतो. अळी आधी तिथेच बसते. दिल्लीत होळी झाली की गरम कपडे पलंगाच्या बॉक्समध्ये जातात, ते दिवाळीनंतरच उजेड बघतात. न धुता ठेवलेले स्टोल मग माझ्याकडे येतात. मी नोएडात भरतकाम करते, पण थंडीत हातात असतं ते मुख्यतः रफू.

सध्या मांडीवर एक बदामी पश्मिना आहे, दोन्ही टोकांना सोझनीच्या, म्हणजे काश्मिरी सुईकामाच्या, कोयऱ्या. त्यातल्या एका कोयरीची नक्षी शाबूत आहे, तिच्याखालचं कापड मात्र नाहीसं झालंय. कसरीला लोकर लागते, सुती दोरा नाही. त्यामुळे भरलेली पानं जाळीसारखी अधांतरी लोंबतायत. ज्यांचा स्टोल, त्या काकू म्हणाल्या, "अगं, त्यावर मशीनने एखादं फूल मारून टाक ना." मी नाही म्हटलं. मशीनची सुई कापडाच्या आरपार जाते आणि खालून दुसरा दोरा ओढून घेते. सोझनीचा कारागीर आरपार जातच नाही. अक्रोडाच्या लाकडाच्या ठशाने उमटवलेल्या रेघेवरून तो धाग्याच्या वरच्या अंगाचे तंतू तेवढे उचलतो, म्हणून स्टोल गळ्यात कसाही वळला तरी ताठरत नाही.

ही सुई मुळात रफूगराचीच. काश्मीरची नावाजलेली शाल विणलेली असे, कानी. छोट्या लाकडी काड्यांवर रंगीत धागे गुंडाळून नक्षी मागावरच चढवायची. पुढे काम लवकर उरकावं म्हणून एकच शाल तुकड्यातुकड्यांनी वेगवेगळ्या मागांवर विणू लागले आणि ते तुकडे जोडणं रफूगरांकडे आलं. 1803 च्या सुमारास ख्वाजा युसूफ नावाचा आर्मेनियन माणूस इस्तंबूलच्या एका पेढीतर्फे श्रीनगरला आला. तीच नक्षी सुईने भरली तर खर्च तिसऱ्या हिश्श्यावर येतो, हे त्याने हेरलं. शिवाय विणलेल्या शालीवर जबर कर होता, तो भरलेल्या शालीला सुरुवातीला नव्हता. मूठभर रफूगर वीस वर्षांत 5000 च्या घरात गेले, असा अंदाज नोंदलेला आहे. 1819 मध्ये रणजितसिंहांनी काश्मीर घेतल्यावर ज्यांच्या जमिनी गेल्या, असे कितीतरी जमीनदारही सुई धरून बसले. एवढी नाजूक कला करचुकवेपणावर पोसली गेली, हे मला भारी आवडतं. (पेशवे मानकऱ्यांना शालजोडी देत. आता सत्कारात श्रीफळासोबत जी शाल मिळते, तिला कसरही तोंड लावत नाही. अॅक्रिलिक!)

दिल्लीत जुन्या शालींचं रफू म्हटलं की नजीबाबादचे रफूगर. बिजनोर जिल्ह्यातलं हे गाव. तिथल्या घराण्यांत हे काम बापाकडून मुलाकडे येतं. दिल्लीच्या वस्त्रकलाकार प्रिया रविश मेहरा यांनी या लोकांचं काम वर्षानुवर्षं नोंदवलं, लोकांपुढे मांडलं. 2018 मध्ये त्या गेल्या. त्यांच्याआधी रफूगराचं नाव विचारायचं कुणाला सुचत नसे, कारण रफू दिसलं नाही तरच ते चांगलं.

मला हे अर्धंच पटतं. सुलट बाजूला दिसू नये, कबूल. त्यासाठी लोंबणाऱ्या नक्षीखाली आधी मलमलीचा तुकडा कच्च्या टाक्यांनी धरायचा. मग स्टोलच्याच दशांमधून काढलेले धागे उभे घालायचे, त्यातून आडवे. वीण तिरपी असेल तर दोन उचलायचे, दोन सोडायचे, आणि दर ओळीला एक धागा सरकायचं. हे मोजताना फोन वाजला तर वाजू द्यायचा. कापड तयार झालं की मलमल काढून जुनी पानं त्यावर बारीक टाक्यांनी टेकवायची. बाजारात नवा धागा मिळतो, पण त्याची झळाळी वेगळी असते, आणि दोन धुण्यांनंतर तेवढाच चौकोन आक्रसतो.

उलट बाजूला मात्र मी धाग्यांची टोकं जवळ कापत नाही. थोडी राहू देते. आणखी पंधरा-वीस वर्षांनी हा स्टोल दुसऱ्या कुणाच्या मांडीवर जाईल, तेव्हा मूळ विणकर कुठे संपला आणि मी कुठे सुरू झाले, हे त्या माणसाला बोटांनी चाचपता आलं पाहिजे. काही गिऱ्हाइकं ही टोकं पाहून काम अर्धवट राहिलंय म्हणतात. म्हणोत.

काकूंना दर सांगितला तर त्या म्हणाल्या, एवढ्यात नवा येईल. येईलही, पश्मिना म्हणून व्हिस्कोसचे स्टोल दिल्लीच्या पदपथांवर ढिगाने मिळतात. शेवटी त्या ठेवून गेल्या. दोन्ही टोकांच्या दशा जरा आखूड होतील, हे मी आधीच सांगून ठेवलंय.