कॉम्फ्रीची कायमची जागा

कॉम्फ्री ही युरोपात नदीकाठच्या ओलसर जमिनीत आणि चरांच्या कडेने उगवणारी बहुवर्षायू वनस्पती आहे. तिची पाने लांबट, खरखरीत आणि केसाळ असतात. जांभळी, गुलाबी किंवा फिकट पिवळी फुले झुपक्याने खाली झुकलेली असतात. लोणच्यासाठी महाराष्ट्रात परिचित असलेले भोकर ज्या बोरॅजिनेसी कुळात परंपरेने गणले जाते, त्याच कुळातली ही वनस्पती. इंग्लंडमधील भाजीपाल्याच्या बागांत ती खतासाठी लावली जाते. तिची पाने लवकर कुजतात आणि त्यांत पालाशाचे प्रमाण चांगले असते. प्रस्तुत लेखिकेने वॉरिकशायरमधील आपल्या अलॉटमेंटवर, म्हणजे वार्षिक भाड्याने मिळणाऱ्या भाजीपाल्याच्या तुकड्यावर, कॉम्फ्रीचा वाफा लावला आणि वाढवला. पुढील विवेचन त्या अनुभवाच्या आधाराने केले आहे.

लागवडीचा पहिला निर्णय वाणाचा असतो. रानटी कॉम्फ्री बी धरते आणि तिची रोपे बागभर उगवतात. बागेसाठी योग्य ठरते ती रशियन कॉम्फ्री. हा रानटी कॉम्फ्री आणि तिची कॉकेशसकडील खरखरीत पानांची जात यांचा संकर आहे. एसेक्स परगण्यातील कॉगशॉल गावचे हेन्री डबलडे (1810–1902) यांनी 1870 च्या दशकात टपाल तिकिटांसाठी डिंक मिळावा म्हणून रशियातून कॉम्फ्रीची रोपे मागवली. डिंकाचा हेतू साधला नाही, मात्र त्या रोपांची विलक्षण वाढ पाहून त्यांनी उरलेले आयुष्य या वनस्पतीच्या अभ्यासाला दिले. पुढे लॉरेन्स हिल्स यांनी 1954 मध्ये एसेक्समध्येच ब्रेनट्रीजवळ बॉकिंग येथे डबलडे यांच्या नावाने संशोधन संस्था स्थापन केली आणि रशियन कॉम्फ्रीचे निरनिराळे वाण वेगळे करून त्यांना क्रमांक दिले. त्यांपैकी ‘बॉकिंग 14’ हा वाण बागकामासाठी सर्वमान्य झाला. त्याला फुले येतात, पण उगवणारे बी धरत नाही. त्यामुळे तो आपणहून दूरवर पसरत नाही. लेखिकेने याच वाणाचे फुटवे लावले. तुकड्याच्या कुंपणापलीकडे रानटी कॉम्फ्री होती. तिची रोपे दर वसंतात वाटांवर खुरपावी लागत. बॉकिंग 14 च्या वाफ्याबाहेर मात्र एकही रोप उगवलेले आढळले नाही.

दुसरा आणि अधिक महत्त्वाचा निर्णय जागेचा. कॉम्फ्रीचे मूळ जाड, ठिसूळ असते आणि दीड-दोन मीटरपर्यंत खोल जाऊ शकते. मुळाचा बोटभर तुकडा जमिनीत राहिला तरी त्यातून नवे रोप फुटते. एकदा रुजलेला वाफा वीस वर्षेही टिकतो. म्हणून ही जागा फळझाडाच्या जागेइतक्याच विचाराने निवडावी लागते. भाजीच्या फेरपालटीत येणारा वाफा कॉम्फ्रीला कधीही देऊ नये.

वॉरिकशायरच्या या तुकड्यावर दोन जागा शक्य होत्या. एक दक्षिणेकडील कुंपणालगत, दिवसभर उन्हात आणि भुसभुशीत मातीची. दुसरी उत्तरेच्या सखल कोपऱ्यात, कंपोस्टच्या पेट्यांशेजारी. तिथली माती भारी आणि चिकण आहे, हिवाळ्यात ओल बराच काळ राहते, आणि काटेरी कुंपणाची सावली अर्धा दिवस पडते. टोमॅटो, घेवडा किंवा कांदा या कोपऱ्यात नीट येत नाही. कॉम्फ्रीला ओलावा धरणारी भारी माती मानवते आणि अर्धसावलीही चालते, हे लक्षात घेऊन सखल कोपरा निवडला. उथळ, चुनखडीच्या किंवा लवकर कोरड्या पडणाऱ्या जमिनीत तिची वाढ खुंटते. पाणी सतत तुंबून राहणारी जागाही टाळावी. कंपोस्टपेटीची जवळीक हा या जागेचा मोठा फायदा ठरला, कारण कापलेला पाला जड असतो आणि तो दूर वाहून न्यावा लागला नाही.

जागा ठरल्यावर जमीन साफ करावी लागते. हरळीसारख्या गवतांची आणि वेलवर्गीय तणांची मुळे लागवडीपूर्वीच खणून काढावीत. कॉम्फ्रीचा गड्डा रुजल्यावर त्याच्या मुळांत शिरलेले तण वेगळे काढणे जवळजवळ अशक्य असते. तण काढून झाल्यावर वाफ्यात कुजलेले शेणखत मिसळले आणि एप्रिलमध्ये फुटवे लावले. लागवडीचा योग्य काळ मार्च ते मे हा आहे. दोन रोपांत 60 ते 90 सेंटिमीटर अंतर ठेवतात. इथे ते 75 सेंटिमीटर ठेवले. डोळा असलेला फुटवा जमिनीच्या पातळीशी लावतात. मुळाचे नुसते तुकडे असतील तर ते सुमारे 5 सेंटिमीटर खोल आडवे पुरतात. तुकड्यांना फुटायला अधिक वेळ लागतो.

पहिल्या वर्षी कापणी करू नये. त्या काळात रोपाची सारी ताकद मुळाकडे जायला हवी. फुलांचे दांडे तेवढे काढावेत आणि उन्हाळ्यात कोरडे दिवस आले तर पाणी द्यावे. लेखिकेच्या वाफ्यात पहिल्या उन्हाळ्यात रोपे ठेंगणी राहिली. हिवाळ्यात वरचा भाग पूर्ण मरून गेला, आणि मार्चमध्ये त्याच गड्ड्यांतून आधीपेक्षा कितीतरी जोमदार कोंब आले.

दुसऱ्या वर्षापासून पाने हाती लागली की कापणी सुरू होते. जमिनीपासून सुमारे 5 सेंटिमीटर ठेवून विळ्याने किंवा मोठ्या कातरीने झुडूप कापतात. पानांवरील राठ केसांनी हातांना खाज येते, म्हणून हातमोजे घालणे आवश्यक आहे. पाच-सहा आठवड्यांनी ते पुन्हा वाढते. चांगल्या वाफ्यातून वर्षाला चार कापण्या मिळू शकतात. सप्टेंबरनंतर कापू नये, म्हणजे हिवाळ्यासाठी मुळांत साठा होतो. काही झुडपे दर वेळी फुलू द्यावीत. मे-जूनमध्ये या फुलांवर भुंग्यांची अखंड वर्दळ असते, आणि शेजारच्या घेवड्याला व फळझाडांनाही परागीभवनासाठी त्यांचा उपयोग होतो.

इतका पाला देणाऱ्या वाफ्याला तितकेच खाद्य लागते. कॉम्फ्री हवेतील नत्र जमिनीत स्थिर करत नाही. तिच्या पानांत येणारी अन्नद्रव्ये जमिनीतूनच उचललेली असतात. म्हणून दर वसंतात शेणखत आणि कापणीनंतर ताज्या गवताचे आच्छादन द्यावे. ज्या वर्षी शेणखत कमी पडले, त्या वर्षी पाने लहान आणि पिवळसर झाल्याचे या वाफ्यात स्पष्ट दिसले.

पाल्याचा उपयोग तीन प्रकारे होतो. पहिला, बटाट्याच्या चरात. पाने एक-दोन दिवस सुकवून चराच्या तळाशी पसरतात आणि वर बटाटे लावतात. सुकवल्यामुळे दांड्यांना मुळे फुटण्याचा धोका टळतो. दुसरा, कंपोस्टमध्ये. पातळ थर देऊन मध्ये कोरडी पाने किंवा पुठ्ठा घालावा. नुसत्या पाल्याचा जाड थर चिकट होतो. तिसरा, द्रवखत. तळाशी भोक असलेल्या पिंपात पाने दाबून वर वजन ठेवले की काही आठवड्यांत काळसर अर्क ठिबकतो. त्यात दहा ते पंधरा पट पाणी घालून टोमॅटो, मिरची आणि घेवड्याला फळे धरू लागल्यावर देतात. पाण्यात पाने भिजवूनही खत होते, पण त्याला तीव्र दुर्गंधी येते. त्यामुळे घराजवळ पिंपाची पद्धत बरी.

या वनस्पतीबाबत एक सावधगिरी पक्की पाळावी: ती खाऊ नये. तिच्यात यकृताला इजा करणारी पायरोलिझिडीन अल्कलॉइड्स असतात. मोडलेल्या हाडांवर आणि मुरगळण्यावर तिचा पाला बांधण्याची जुनी प्रथा युरोपात आहे, तरी पोटात घेणे घातक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2001 मध्ये उत्पादकांना कॉम्फ्री असलेली आहारपूरके बाजारातून काढून घेण्यास सांगितले. कोवळेपणी कॉम्फ्री आणि फॉक्सग्लोव्ह ही विषारी वनस्पती सारखी दिसतात, त्यामुळेही पाने तोंडात घालणे टाळावे. वाफा लहान मुलांच्या खेळाच्या जागेपासून दूर ठेवावा.

वाफा हलवायचा झाल्यास यांत्रिक नांगर फिरवू नये. प्रत्येक तुकड्यातून नवे झुडूप उभे राहते. गड्डा शक्य तितका अखंड खणावा, जागा उजेड न जाणाऱ्या जाड आच्छादनाखाली झाकावी आणि पुढे येणारे कोंब सातत्याने काढावेत. हे काम कित्येक महिने पुरते. म्हणून कॉम्फ्री लावू इच्छिणाऱ्याने बॉकिंग 14 हाच वाण घ्यावा आणि इतर पिकांना न मानवणारा, ओलसर, कंपोस्टजवळचा कोपरा तिला कायमचा द्यावा.