कागद कोणी हरवला?

शाळेत असताना इंग्रजीच्या परीक्षेत प्रयोग बदलण्याचा प्रश्न हमखास असे. 'राम किल्ड रावण' या वाक्याचे 'रावण वॉज किल्ड बाय राम' करून दाखवले की गुण पदरात पडत. घाईत आम्ही पुष्कळदा शेवटचे 'बाय राम' लिहायचे विसरत असू आणि गुरुजी अर्धा गुण कापत. पुढे नोकरीस लागल्यावर आम्हांस कळले, की शाळेबाहेरच्या जगात 'बाय' विसरणाऱ्यासच पूर्ण गुण मिळतात.

या वाक्यरचनेची घडण तशी साधी. कर्म उचलून कर्त्याच्या जागी बसवायचे, 'टु बी'चे योग्य रूप घ्यायचे, त्याला क्रियापदाचे तिसरे रूप जोडायचे आणि मूळ कर्त्याची 'बाय'सह वाक्याच्या शेपटाला सोय लावायची. यातली मेख अशी, की ते शेपूट ऐच्छिक आहे. ते कापले तरी वाक्य व्याकरणदृष्ट्या धडधाकटच राहते, आणि रोजच्या इंग्रजीत ते बहुधा कापलेलेच असते. याचे कारण दर वेळी लबाडी असते असे नाही. 'ही वॉज अरेस्टेड' म्हटल्यावर पोलिसांचा उल्लेख कशाला? 'शी वॉज बॉर्न इन पुणे' म्हणताना जन्मदात्रीचे नाव कोणी जोडत नाही. प्रयोगशाळेच्या वहीत 'द सोल्यूशन वॉज हीटेड' असते, कारण द्रावण कोणी तापवले यापेक्षा ते तापवले हे महत्त्वाचे. ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे त्याला वाक्याच्या अग्रभागी ठेवण्याची ही एक उत्तम सोय आहे.

परंतु सोयीचा मोह होतो. आम्हांसही झाला.

आमच्या कार्यालयाचा पत्रव्यवहार तेव्हा इंग्रजीत चाले. एका निवृत्त शिपायाची थकबाकी सात महिने अडकून पडली होती, कारण त्याच्या प्रकरणातला पडताळणीचा कागद सापडत नव्हता. अखेर तो सापडला, आमच्याच टेबलाच्या खणात, दुसऱ्याच एका फायलीत अडकलेला. चौकशीची दोन पत्रे येऊन गेली होती, म्हणून उत्तर देणे भाग होते. मसुदा आम्हीच केला : 'द पेपर वॉज इनॲडव्हर्टंटली मिसप्लेस्ड. द डिले इज रिग्रेटेड.' साहेबांनी एक अक्षर न बदलता सही केली. दोन वाक्ये, दोन्ही खरी, आणि दोहोंत माणूस औषधालाही नाही. कागद गहाळ केला गेला. विलंबाबद्दल खेद केला जात आहे. कोणाकडून, ते आकाशातल्या बापाला ठाऊक!

पंधरवड्याने ते गृहस्थ पत्राची घडी हातात घेऊन आले. नातवाकडून त्यांनी अर्थ लावून घेतला होता. म्हणाले, "भाऊसाहेब, पोरगं म्हणतं, कागद हरवला होता असं लिवलंय. पण कोणी हरवला, ते यात कुठं आहे?"

त्या प्रश्नात राग नव्हता, निव्वळ कुतूहल होते. आम्ही म्हणालो, "मामा, कार्यालयाकडून झालं ते." ते हसले. "ऑफिसात मीबी तीस वर्षं होतो की. ऑफिसाला हात कुठं असतात?" मग, सापडला हे बरे झाले, एवढे बोलून ते चहाही न घेता गेले. या सात महिन्यांत त्यांनी व्याह्यांकडून उसने पैसे घेतले होते, हे आम्हांस नंतर कळले. मुलीच्या सासरी हात पसरणे म्हणजे काय, ते मराठी वाचकास सांगायला नको.

आमचा गुन्हा लहान होता. पण हीच रचना मोठ्यांच्याही कामी आली आहे. 27 जानेवारी 1987 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी काँग्रेससमोरच्या भाषणात इराणला शस्त्रे पुरवल्याच्या प्रकरणाविषयी बोलताना गंभीर चुका 'वेअर मेड' अशीच कबुली दिली होती. 'मिस्टेक्स वेअर मेड' ही आता इंग्रजीत चेष्टेची म्हण होऊन बसली आहे. चूक मान्य, पण चुकणारा मात्र अदृश्य.

म्हणून कर्मणी प्रयोगच वाईट, असा निकाल पुष्कळांनी दिला आहे. जॉर्ज ऑर्वेलने 1946 साली राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यातही कर्मणी शक्यतो टाळण्याचा सल्ला आहे. गंमत म्हणजे त्याच निबंधात त्याने स्वतः हा प्रयोग मुक्तहस्ते वापरला आहे. आम्हांस वाटते, दोष प्रयोगाचा नाही. उलट कर्मणी वाक्य कर्त्यासाठी निदान एक खुर्ची मांडून ठेवते. ती रिकामी दिसते, म्हणूनच 'बाय हूम?' असे विचारावेसे वाटते. 'द कप ब्रोक' हे वाक्य तर कर्तरीच; पण त्यात ती खुर्चीसुद्धा नाही. कप आपणहून फुटला!

येथे आपली मराठी अधिक सावध आहे, असा आमचा समज होता. इंग्रजीत 'ब्रेक' दोन्हीकडे चालते. आपल्याकडे फुटणे वेगळे, फोडणे वेगळे. तुटणे-तोडणे, फाटणे-फाडणे, सुटणे-सोडणे या जोड्या भाषेनेच लावून दिल्या आहेत. "आई, कप फुटला," असे पोराने सांगताच "फुटला की फोडलास?" हा प्रश्न ठरलेला. शिवाय मराठीत 'मी कप फोडला' हे वाक्यही व्याकरणाने कर्मणीच. क्रियापद कपाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, 'मी'ला विचारीतही नाही. तरी 'मी' आपल्या जागी उभाच असतो. कर्माला मान दिला म्हणून कर्त्याने पळून जावे, असा काही नियम नाही.

पण समज पुरता खरा नव्हता. 'कार्यवाही करण्यात येत आहे', 'निर्णय घेण्यात आला' ही आपली सरकारी वाक्ये पाहा. इंग्रजी मसुद्याने शिकवलेले सारे आपण मराठीत मुरवून घेतले आहे. आणि 'हरवणे'? त्याला तर जोडीदारच नाही. 'कागद हरवला' यात तो आपसूक गेला की कोणी घालवला, ते क्रियापद सांगत नाही. मामांच्या नातवाने भाषांतर अचूक केले होते. आम्ही इंग्रजीत जे लपवले होते, ते मराठीतही तितकेच लपून राहिले. ते म्हाताऱ्याने शोधून काढले, आणि त्याला कोणतेच व्याकरण येत नव्हते.

आज ते हयात नाहीत. पत्राची स्थळप्रत कधीच रद्दीत गेली असेल. वाक्य दुरुस्त करण्याचे प्रयोजन उरलेले नाही, तरी करतो : कागद आम्ही हरवला.

हे लिहिल्यावर ध्यानात येते, की ही दुरुस्तीही अपुरीच आहे. 'आम्ही' हे लेखनातले भारदस्त सर्वनाम. त्याच्या आड सारे कार्यालय पुन्हा सुखाने दडू शकते. मामांना ते चालले नसते. असो. कागद मी हरवला.